बिस्किटाचे ग्रामण्य

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. ओजिमाच्या आमच्या घरी लेकीने जाहीर केले, "बाबा, शनिवारी माझ्या मैत्रिणी येणार आहेत. आपण जिंजरब्रेड मॅन करायचे." अमेरिकेत एम.एस. करत असताना एका डिसेंबरात मी ही बिस्किटे केली होती. एका वयस्कर जोडप्याने आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना घरी बोलावले होते. बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि आत टेबलाभोवती चार देशांतले सहा जण बिस्किटाच्या माणसांना डोळे काढत बसलो होतो. तेव्हापासून ती मला येतात अशी माझी समजूत आहे. मी लगेच हो म्हटले.

आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "करा तुम्ही. मला मात्र देऊ नका. ते त्यांच्या नाताळचं. आपल्यात नसतं ते."

"आपल्यात नसतं." मंडळी, परदेशात मुले वाढवताना आपण सगळ्यांनीच हे वाक्य कधी ना कधी ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर वेळप्रसंगी म्हटलेही आहे. लेकीचा चेहरा पडला. आजीने शेजारी बसून लाटून द्यावे, एवढेच तिला हवे होते. अंडे घालणार नाही, लोणी चांगले आहे, असे मी सांगून पाहिले. आई देवासमोर जाऊन बसली.

मी पीठ मळायला घेतले. तीनशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम लोणी, तेवढीच ब्राऊन शुगर. अमेरिकेत यात मोलॅसिस घालतात. आपण काकवी घातली असती. ओजिमात मी कुरोमित्सु आणतो. ओकिनावाच्या काळ्या साखरेचा हा पाक आपल्या काकवीचा चुलतभाऊच म्हणायचा. मग दालचिनी, लवंग, चिमूटभर सोडा आणि दोन चमचे सुंठ. नेमकी सुंठच संपलेली. सुपरमार्केटमधल्या त्या बोटभर बाटलीच्या तळाशी जेमतेम अर्धा चमचा निघाली.

"आई, तुझ्या चहाची सुंठ देतेस का?"

"बिस्किटात सुंठ?" आईने वळून पाहिले. "मग त्याला जिंजर कशाला म्हणायचं? सुंठेची बिस्किटं म्हणा की!" डबा मात्र तिने स्वतः उघडला.

तिचे म्हणणे भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही अगदीच चुकीचे नव्हते. इंग्रजीतला 'जिंजर' शब्द लॅटिन आणि ग्रीकमार्गे थेट आपल्याकडे येऊन पोहोचतो. पालीतले सिंगिवेर, संस्कृतातले शृंगवेर आणि त्याही मागे दक्षिणेतले इंजी, अशी त्याची वंशावळ अभ्यासक सांगतात. आले भारतातून अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून जाई. ओले आले एवढ्या लांबच्या प्रवासात टिकणारे नव्हे. वाळवलेली सुंठ मात्र युरोपपर्यंत सुखरूप पोहोचे.

जिंजरब्रेडमधला 'ब्रेड' हा तर निव्वळ ऐकण्यातला घोटाळा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'जिंजब्रास' म्हणजे मुरवलेले आले. इंग्रजांनी त्या शब्दाचे शेपूट 'ब्रेड' असे ऐकले आणि पुढे पदार्थही नावाच्या मागोमाग गेला. मध्ययुगात पावाचा चुरा, मध आणि मसाले एकत्र करून त्याच्या वड्या थापत. त्या भाजतही नसत. म्हणजे आपल्या आलेपाकाचीच ही लांबची बहीण. जर्मनीत न्यूरेंबर्ग शहर मसाल्यांच्या व्यापारी वाटेवर होते आणि भोवतालच्या जंगलात मध मुबलक होता. तिथे ही विद्या इतकी वाढली की १६४३ साली या कारागिरांचा स्वतंत्र संघ झाला. लाकडी साच्यांत संत, राजे आणि घोडेस्वार उठवले जात. पत्र्याचे कातर साचे, आणि त्यांतून निघणारे हातपाय पसरलेले माणूसबुवा, घरोघरी पोहोचले ते बरेच पुढे. बिस्किटाचे घर १८१२ सालच्या ग्रिमबंधूंच्या हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या कथेनंतर जगभर गाजले.

हे सगळे मी आईला उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "सुंठ आपली असेल. बिस्किट आपलं आहे का?"

हा प्रश्न मात्र वजनदार होता. कारण मराठी माणसाचा आणि बिस्किटाचा पूर्वेतिहास फारसा गोड नाही.

१८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिच्या प्रवर्तकांपैकी होते. जातिभेद मानणार नाही हे सिद्ध करायला नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पावाचा तुकडा खावा लागे. हे सारे चाले गुप्तपणे. १८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आली आणि सभा मोडली. शिकल्यासवरल्या, सुधारकी मंडळींचाही पावाच्या एका तुकड्याने थरकाप उडाला.

त्यानंतर तीस वर्षांनी, १८९० च्या ऑक्टोबरात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह शहरातली प्रतिष्ठित मंडळी हजर होती. सभेनंतर चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी मान राखण्यापुरता कप हातात घेऊन खाली ठेवला. पण डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचा रोषही ओढवून घेतला. मराठी इतिहासात हे 'चहा-ग्रामण्य' म्हणून प्रसिद्ध आहे. बिस्किटाचे नाव मागे पडले खरे, पण बशीत तेही होतेच.

आज आपण या गोष्टीला हसतो. पण त्या भीतीमागेही एक आठवण होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल सुरू झाला होता, आणि कोकणच्या किनाऱ्यावर कोणी काय खाल्ले यावर माणसाचा धर्म ठरत होता. 'पाव खाल्ला आणि बाटला' हे वाक्य हवेतून आलेले नव्हते. माझी आई तिच्या आजीकडून जे शिकली, त्या शिकवणीच्या तळाशी ही भीती कुठेतरी असणारच. ते कळल्यावर तिच्यावर चिडणे मला जमेना.

भीती ओसरली ती मात्र एखाद्या ठरावाने नव्हे. १९२९ साली विलेपार्ल्यात पार्लेचा कारखाना निघाला आणि काही वर्षांनी तिथे ग्लुको बिस्किटे होऊ लागली. पुण्यात चक्क साठे आडनावाची बिस्किटे डब्यांतून घरोघर गेली. दिवाळीत मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायची, हा तर आमच्या लहानपणचा सोहळा होता. रांगेत ट्रे ओळखू यावा म्हणून आई चिठ्ठीवर आडनाव लिहून देत असे. मी तिला तेच आठवून दिले.

"ती नानकटाई," आई म्हणाली. "ती आपली."

पीठ तासभर फ्रीजमध्ये ठेवले होते. गार पीठ कापले तरच आकार टिकतो, नाहीतर भाजताना लोणी वितळून माणसे फुगून एकमेकांना चिकटतात. लेकीने काप्पाबाशीच्या भांडीबाजारातून आणलेल्या साच्याने माणसे कापली. १७० अंशांवर दहा-बारा मिनिटे. घरभर सुंठेचा वास सुटला. पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचे आयसिंग करून आम्ही सजवायला बसलो. अंगरख्याच्या बटणांसाठी लेकीने कोम्पेइतोची पुडी आणली होती.

आईने त्यातला एक दाणा उचलून उजेडात धरला. "अगं, हा तर संक्रांतीचा हलवा! कोणी पाठवला?"

तिला तो हलवा वाटला यात नवल नाही. तसाच काटेरी, तसाच पांढरा-गुलाबी. हा दाणा जपानात आला पोर्तुगीजांबरोबर. 'कॉन्फेइतो' या पोर्तुगीज शब्दाचे ते जपानी रूप आहे. लुईस फ्रोइस हा जेझुइट पाद्री १५४८ मध्ये गोव्याला आला आणि १५६३ मध्ये जपानला पोहोचला. १५६९ साली क्योतोमध्ये ओदा नोबुनागाला त्याने काचेच्या बरणीतून हेच साखरदाणे भेट दिले. पुढे १६८८ साली इहारा साइकाकू या लेखकाने एका गोष्टीत या दाण्याचे गुपित सांगितले. आत असतो तीळ! तापलेल्या भांड्यात तीळ हलवत राहायचे आणि वरून साखरेचा पाक सोडत जायचा. आता बहुधा तिळाऐवजी साखरेचा जाड कण घेतात, पण रीत तीच. काटा फुटायला आजही कारखान्यात दोन आठवडे लागतात. शेगडीवरच्या परातीत तासन् तास हलवा फिरवणाऱ्या आपल्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

ज्यांनी हा दाणा आणला त्यांचे पुढे काय झाले? १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकलून दिले. धर्मबंदी उठायला १८७३ साल उजाडले. पण मधल्या अडीचशे वर्षांत कोम्पेइतो राहिला, कासुतेरा केक राहिला, आणि 'पान' हा शब्दही राहिला. ओजिमाच्या दुकानात आपण पावाला 'पान' म्हणतो आणि घरी येऊन 'पाव' म्हणतो. दोन्हींचे मूळ पोर्तुगीज 'पाओं' हेच. गिंझाच्या किमुराया बेकरीने १८७४ मध्ये त्या पावात लाल चवळीसारख्या अझुकीचे गोड पुरण भरले आणि आनपान तयार केला. दुसऱ्याच वर्षी तो मेइजी सम्राटांच्या ताटात गेला. पुरण भरल्यावर परका पदार्थ आपला होतो, हे जपान्यांनाही समजले होते असे दिसते.

आपल्याकडेही तसेच घडले. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. सत्ता गेली, पण तिथली मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसे आपल्या वाड्यांवर आणि शेतांवर राहिली. त्यांच्या घरी डिसेंबरात आजही फराळाची गडबड असते, आणि काट्याच्या पाठीवर वळलेले कुलकुल तळले जातात. गोव्यात गणेशचतुर्थीला हिंदू घरांत नेवऱ्यो करतात आणि नाताळात ख्रिस्ती घरांत त्याच नेवऱ्यो. करंजीच त्या, फक्त तारीख वेगळी. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा टीव्हीसमोर बसून आईने त्यांचे भाषण ऐकले होते. "काय सुंदर मराठी!" असे मला फोनवर म्हणालीही होती.

मी म्हटले, "आई, फादर दिब्रिटोंच्या घरचा नाताळ मराठीच ना? मग 'आपल्यात नसतं' कसं?"

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने लेकीच्या हातातला आयसिंगचा कोन घेऊन म्हणाली, "अशी दाबू नकोस गं. रांगोळीसारखी सोड. हात वर, धार सारखी." पुढचा तासभर दोघी बसल्या. एका बिस्किटाला नथ आली, एकाला उपरणे. कोम्पेइतोची बटणे काढून आईने त्यांचा हार केला, हलव्याच्या दागिन्यांसारखा.

शनिवारी मैत्रिणी आल्या. नथवाली बाई कोणाला मिळणार यावरून भांडण झाले. कोण काय म्हणते ते आईला कळत नव्हते, पण ती मध्ये बसून वाटणी करत होती.

मला एवढेच वाटते की घरात कोणता पदार्थ करावा हे मुलांना वाचून दाखवलेल्या इतिहासावरून ठरत नाही. ते ठरते शेजारी कोण बसले आहे यावरून. नानकटाई आपली झाली, कारण ट्रेवरच्या चिठ्ठीवर आईने आमचे आडनाव लिहिले होते. आपल्या मंडळाच्या संक्रांतीला यंदा कोम्पेइतोचे दागिने करून पाहावेत, असा माझा प्रस्ताव आहे. ज्यांच्याकडे हलवा करण्याचा वेळ आणि शेगडी नाही त्यांची सोय होईल.

आणि आईचे काय? रात्री सगळे आवरल्यावर डब्यात एक मोडक्या पायाचा माणूस उरला होता. तिने तो चहात बुडवला, शांतपणे खाल्ला आणि म्हणाली, "सुंठ कमी पडली."

यंदा ती पुन्हा येते आहे. अर्धा किलो सुंठ बॅगेत भरली आहे, असा कालच फोन होता.