तळटीप ७ : नाताळ आणि देवाचे माणूसपण
देव माणूस झाला याचे जयगडच्या वाचकाला नवल नाही. परशुरामाचे देऊळ याच जिल्ह्यात, चिपळूणजवळ आहे. अडते ते पुढे. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे हे एकदाच घडले आणि हाती परशू नव्हता. गव्हाणीत बाळंत्यात गुंडाळलेले मूल, शेवटी क्रूसावर मरण. मग तोवर विश्व कोण सांभाळत होते? ४५१ च्या खाल्किदोन परिषदेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूसही, असे ठरवले. कसे, ते उलगडले नाही (शहाणपणच केले). जन्माने इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्स यांनी ही कथा ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) मराठी ओव्यांत आणली. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावी जन्मलेल्या ना. वा. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.