न उघडता वाचलेले हृदय

साहित्यातले हृदय पिळवटते, भरून येते, विदीर्ण होते. दिसत मात्र नाही. वैद्यकालाही ते फार काळ दिसत नव्हते. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले, पण त्यांतून उमटली ती हृदयाची केवळ सावली. त्याला रक्त पुरवणाऱ्या, जेमतेम दोनचार मिलिमीटर व्यासाच्या हृद्‌रोहिण्या त्या सावलीत हरवूनच गेल्या.

त्यांच्यापर्यंत पोचण्याचा पहिला मार्ग शरीरात शिरण्याचा होता. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. या धाडसाला नोबेल मिळाले ते १९५६ मध्ये. पुढे १९५८ मध्ये क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स एका रुग्णाची झडप तपासत असताना नळीचे टोक चुकून उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि रंगद्रव्य तिथेच सुटले. हे प्राणघातक ठरेल, अशी तेव्हाची समजूत होती. हृदय काही क्षण थांबले. रुग्णाला खोकायला लावताच ते पुन्हा चालू झाले. हृद्‌रोहिणीत थेट रंगद्रव्य सोडून केल्या जाणाऱ्या अँजिओग्राफीचा जन्म असा एका अपघातातून झाला.

दुसरा मार्ग गणिताचा. गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरणांच्या नोंदींवरून संगणक आतली रचना मांडतो, हे सीटी स्कॅनचे तत्त्व. पण मेंदू स्थिर असतो, हृदय क्षणभरही थांबत नाही. म्हणून हृदयाला वेगवान यंत्रांची वाट पाहावी लागली. १९९० मध्ये आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी रोहिण्यांत साचलेल्या कॅल्शियमला गुण देण्याची पद्धत मांडली. २००४ च्या सुमारास ६४ छेदांची यंत्रे आली आणि हाताच्या शिरेत आयोडीनयुक्त द्रव्य टोचून, ठोक्यांशी मेळ साधत, रोहिणीची पोकळी व भिंत दोन्ही पाहता येऊ लागल्या.

या नव्या दृष्टीने इतिहासालाही प्रश्न विचारला. २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इजिप्त, पेरू, नैर्ऋत्य अमेरिका आणि अल्यूशियन बेटे येथील १३७ ममींचे सीटी स्कॅन तपासले गेले. त्यांपैकी ४७ ममींत रोहिणीकाठिण्याच्या निश्चित किंवा संभाव्य खुणा आढळल्या. हा केवळ आधुनिक राहणीचा रोग, हे आपले लाडके विधान त्यामुळे डळमळीत झाले.

मात्र चित्र म्हणजे उपचार नव्हे. कॅल्शियमचा गुण शून्य आला तरी मऊ थर असू शकतो. किरणोत्साराची मात्रा अल्प असली तरी असतेच. आणि अरुंद रोहिणीत स्टेंट बसवायचा तर नळी आत घालावीच लागते. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड मिळालेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण २.३ टक्के होते, दुसऱ्या गटात ३.९ टक्के. पाच वर्षांत नळीने केलेल्या अँजिओग्राफीचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. स्कॅन झालेल्यांना प्रतिबंधक औषधे मात्र अधिक वेळा सुरू झाली. म्हणजे धोका कमी झाला तो प्रतिमेमुळे नव्हे, तर ती वाचून वेळीच केलेल्या कृतीमुळे. वाचनाचे मोल त्यानंतर काय बदलते यावर ठरते, हे साहित्याच्या अभ्यासकाला तरी वेगळे सांगायला नको.