अर्धा कोंडा, अर्धी पेंड : कार्पच्या पिलांच्या आहाराचा इतिहास

१/ रत्नागिरीच्या बाजारात बांगडा, सुरमई आणि तारली घरच्या. कटला, रोहू, मृगळ हे कार्प मासे येथे पाहुणे; त्यांचे मूळ गंगेसारख्या उत्तरेकडील मोठ्या नद्यांत. तरीही १९८१ साली कोकण कृषी विद्यापीठाच्या अंतर्गत रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्राबरोबर गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीही अभ्यासाचा विषय झाली. तिच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता : कार्पच्या पिलाला प्रथिने लागतात तरी किती?

२/ हा प्रश्न फार जुना नाही. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या तळ्यात आपोआप अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचा पूर लागतो. म्हणून पूर्वी मत्स्यबीज पुराच्या पाण्यातून गोळा करावे लागे. त्यात नको त्या जातींची, कधी इतर माशांना खाणाऱ्या जातींची पिलेही मिसळलेली असत.

३/ हे चित्र बदलले १० जुलै १९५७ रोजी. ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचे प्रजनन घडवून आणले. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

४/ बीज हाती आले, आणि ते जगवण्याची जबाबदारीही. अंड्यातून निघालेले पिलू सुमारे तीन दिवस पोटाखालच्या बलकावर जगते. मग ते तोंड उघडते. महाराष्ट्रात या अवस्थेला मत्स्यजिरे म्हणतात, कारण आकार जिऱ्याएवढाच. पुढे मत्स्यबीज, आणि मग बोटाएवढी झाल्यावर मत्स्यबोटुकली. सर्वाधिक मरतूक होते ती जिऱ्यापासून बीजापर्यंतच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत.

५/ या काळासाठी देशभर एक सोपे सूत्र रूढ झाले : भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, समभाग. पेंडीत साधारण ४० ते ४५ टक्के प्रथिने, कोंड्यात १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मिश्रणात २६ ते २८ टक्के. कोकणात कोंडा घरचा. पेंड मात्र बहुतांशी घाटावरून येणारी आणि विकतची.

६/ दरम्यान जपानमध्ये ओगिनो आणि साइतो यांनी १९७० साली सायप्रिनसच्या पिलांवर प्रयोग केले. दुधातील केसीन हे एकच प्रथिन देऊन त्यांनी गरज मोजली. ती निघाली ३८ टक्क्यांच्या आसपास. १९७८ साली सेन आणि सहकाऱ्यांनी भारतीय कार्पच्या जिऱ्यांपासून बोटुकल्यांपर्यंत ४५ टक्के प्रथिने आणि २६ टक्के कर्बोदके योग्य ठरवली.

७/ लहान पिलाला इतकी प्रथिने का? त्याचे वजन काही दिवसांतच अनेक पटींनी वाढते, आणि ही वाढ मुख्यतः स्नायूंची, म्हणजे प्रथिनांची असते. शिवाय मासा प्रथिनांचा काही भाग ऊर्जेसाठीही जाळतो आणि उरलेला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. कार्पला जठर नसते. सारे पचन आतड्यात होते. म्हणून त्याला थोडे-थोडे खाद्य अनेकदा देणे सोयीचे.

८/ आता पेच लक्षात येईल. संशोधन सांगत होते ३८ ते ४५. शेतकरी देत होता २६ ते २८. शिवाय शेंगदाण्याच्या पेंडीत लायसीन आणि मेथिओनीन ही आवश्यक अमिनो आम्ले कमी. तरीही तळ्यांत बोटुकल्या तयार होत होत्या. मग उरलेली प्रथिने येत होती कुठून?

९/ उत्तर शेणात होते. बीज सोडण्यापूर्वी तळ्यात चुना आणि हेक्टरी १० टनांच्या घरात शेण टाकण्याची पद्धत होती. शेणातून वनस्पती प्लवंग वाढत, त्यांवर डॅफ्निया, रोटिफर यांसारखे सूक्ष्म प्राणी पोसले जात. या प्राणी प्लवंगांच्या सुक्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. कोंडा-पेंड हे पूरक खाद्य होते. मुख्य जेवण तळेच वाढत होते.

१०/ कोकणात नेमकी इथेच अडचण येते. रत्नागिरीचा जांभा सच्छिद्र. पाणी धरून ठेवत नाही. म्हणून येथे शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालावे लागते. २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि शेततळ्यातील मत्स्यशेतीची चर्चा वाढली. पण अस्तराने पाणी टिकले तरी मातीशी संबंध तुटला. चिखल नाही, चिखलातले किडे नाहीत, प्लवंगही लवकर धरत नाहीत.

११/ अशा तळ्यात जुने सूत्र अपुरे पडते, कारण त्याचा न बोलणारा भागीदार निघून गेलेला असतो. पिलू उपाशी नसते, तरी खुरटते. उपाय दोन : तळाशी मातीचा थर देऊन खताने प्लवंग वाढवणे, किंवा प्रथिने अधिक असलेले, मासळीची भुकटी वा सोयाबीन घातलेले खाद्य देणे.

१२/ दुसरा उपाय महाग. मत्स्यशेतीच्या चालू खर्चात निम्म्याहून अधिक वाटा बहुधा खाद्याचा, आणि खाद्यात सर्वांत महाग घटक प्रथिनांचा. जास्त दिले तर पैसा अमोनिया होऊन पाण्यात जातो, कमी दिले तर वाढ थांबते. मासळीच्या भुकटीसाठी किनाऱ्यावरची लहान मासळी लागते, आणि तिच्यावर माणसांचाही हक्क आहे.

१३/ म्हणून ४५ हा आकडा वाचताना तो कोणत्या पाण्यासाठी आहे, हे आधी पाहावे लागते. शेणाने भरलेल्या मातीच्या तळ्यात कोंडा-पेंडीने एका पिढीची मत्स्यशेती उभी केली. जांभ्यावरच्या अस्तरी तळ्यात तेच मिश्रण टाकणाऱ्याने पाण्यात प्लवंग आहेत का, हे पहिल्यांदा तपासावे.