बूट चावतो, तेव्हा चूक कोणाची?

"नवा बूट थोडा चावणारच. आठ दिवसांत सैल होईल." दुकानातले हे वाक्य तुम्ही ऐकले असेल आणि मुकाट्याने मानलेही असेल. मग फोड, कुरूप किंवा अंगठ्याचे रुतलेले नख घेऊन तुम्ही माझ्याकडे येता. पायाने बुटाशी जुळवून घ्यावे, हा समज फार जुना आहे. तो खोटा कसा ठरला, याची गोष्ट आज सांगतो. ती सैनिकांच्या बुटांची आहे.

अठराव्या शतकात युरोपात डावा-उजवा असा भेद न करता, दोन्ही पायांचे बूट एकाच साच्यावर शिवत. १७८१ मध्ये पेत्रुस काम्पर या डच शरीररचनातज्ज्ञाने बुटाच्या योग्य आकारावर पुस्तिका लिहिली. १८५८ मध्ये झुरिकच्या हेर्मान फॉन मायर यांनी एक साधी गोष्ट दाखवली. निरोगी पायात अंगठ्याच्या मध्यातून मागे सरळ रेष ओढली, तर ती टाचेच्या मध्यावर येते. टोकदार बूट अंगठ्याला आत ढकलून ही रेष मोडतो. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर येते, त्यामागे असे बूट हे एक कारण असते.

लष्कराला या ज्ञानाची गरज सर्वांत जास्त होती. पायदळाचा सैनिक लंगडू लागला की बंदुकीची गोळी न लागताही तो निकामी होतो. म्हणून १९०८ मध्ये अमेरिकन लष्कराने बुटांसाठी एक मंडळ नेमले. त्याचे प्रमुख होते लष्करी डॉक्टर एडवर्ड मन्सन. चार वर्षांत मंडळाने सुमारे २००० सैनिकांचे पाय तपासले. १९१२ मध्ये मन्सन यांनी यावर पुस्तक लिहिले आणि नवा साचा स्वीकारला गेला. त्यात अंगठ्याकडची कड जवळजवळ सरळ होती आणि बोटांना पसरायला जागा होती. 'मन्सन साचा' दुसऱ्या महायुद्धातही वापरात होता.

मला त्याहून मोलाची वाटते ती माप घेण्याची पद्धत. सैनिकाच्या पाठीवर ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो ओझे द्यायचे, सगळा भार एका पायावर घ्यायला लावायचा आणि मग त्या पायाचे माप घ्यायचे. कारण उघड आहे. पायात २६ हाडे असतात. भार पडला की पायाची कमान थोडी खाली बसते, पाऊल लांबते आणि चवडा रुंदावतो. खुर्चीत बसून घेतलेले माप हे बसलेल्या पायाचे असते आणि आपण चालतो मात्र उभ्या पायाने.

नवा बूट पायाला बसवण्याचीही रीत होती. बूट घालून अडीच इंच पाण्यात पाच मिनिटे उभे राहायचे, मग चामडे पायावरच वाळेपर्यंत तासभर सपाट जागी चालायचे. हा प्रयोग तुम्ही करू नका. तो त्या काळच्या चामड्यासाठी आणि धडधाकट तरुणांसाठी होता.

तुम्ही एवढे करा:

• बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजतो.
• रोजचे मोजे घालून, दोन्ही बूट चढवून उभे राहा, चाला. माप मोठ्या पायाचे धरा.
• सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. टाच मात्र निसटता कामा नये.
• आतली गादी निघत असेल, तर ती जमिनीवर ठेवून तिच्यावर उभे राहा. पाऊल बाहेर येत असेल, तर तो बूट तुमचा नाही.
• पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी नव्या बुटात एकदम लांब धावू नये. पावलात एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर धावणे थांबवा आणि तपासून घ्या. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

मधुमेही वाचकांना वेगळे सांगतो. तुमच्या पायाची संवेदना कमी झाली असेल, तर बूट चावला तरी कळणार नाही. 'बूट अगदी मऊ आहे, काहीच त्रास नाही,' असे सांगणाऱ्या रुग्णांच्या तळव्यावर मी जखमा पाहिल्या आहेत. काहींची बोटे त्यातून गेली. म्हणून बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा, नवा बूट सुरुवातीला तासभरच वापरा आणि तो काढल्यावर पाय नीट पाहा. लाली किंवा फोड दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

आणि पुढच्या तपासणीला रोजचे बूट घालूनच या. पायाबरोबर मला तेही पाहायचे असतात.