ग्रँड स्ट्रॅटेजी गेममध्ये धर्म कसा मांडतात? बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवरून समजून घेऊ

मी बोरिवली पश्चिमेला राहतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉपवर ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ खेळत होतो. मराठ्यांचं राज्य घेतलं होतं आणि पोर्तुगीजांकडून कोकण किनाऱ्यावरचा एक प्रांत नुकताच जिंकला होता. प्रांतावर कॅथलिक धर्माचं चिन्ह होतं. मी सवयीने ‘मिशनरी पाठवा’ हे बटण दाबलं. (हो, या गेममध्ये हिंदू राज्यसुद्धा ‘मिशनरी’च पाठवतं!)

शेजारी बसलेला माझा मित्र म्हणाला, “अरे, ते आमचं गाव आहे. आम्हाला कुठे बदलायला निघालास?”

मित्र ईस्ट इंडियन कॅथलिक आहे. आजी गोराईची. घरी मराठीच बोलतात. आम्ही दोघंही हसलो, पण मी मिशनरी परत बोलावला. आणि डोक्यात प्रश्न राहिला: गेम बनवणारे लोक धर्मासारखी गोष्ट कोडमध्ये बसवतात तरी कशी? त्यात काय नीट बसतं आणि काय सुटून जातं?

आज तेच सोप्या भाषेत पाहू. उदाहरणं आपल्या अंधेरी-बोरिवलीचीच घेऊ.

ग्रँड स्ट्रॅटेजी म्हणजे नेमकं काय?

या प्रकारात तुम्ही एक सैनिक किंवा एक शहर चालवत नाही. अख्खं राज्य चालवता आणि तेही शेकडो वर्षं. नकाशा छोट्या छोट्या प्रांतांत वाटलेला असतो. प्रत्येक प्रांताला मालक, भाषा-संस्कृती, उत्पन्न आणि धर्म अशी माहिती जोडलेली असते. ही माहिती म्हणजे एक मोठी एक्सेल शीट समजा: प्रत्येक प्रांत म्हणजे एक ओळ आणि धर्म म्हणजे त्यातला एक रकाना.

या प्रकारातली सगळ्यात नावाजलेली कंपनी म्हणजे स्वीडनची पॅराडॉक्स. ‘क्रुसेडर किंग्ज’, ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ आणि ‘व्हिक्टोरिया’ या तिन्ही मालिका त्यांच्याच. ‘सिव्हिलायझेशन ६’ थोडी वेगळ्या जातीची, पण ती फोनवरही आली आहे म्हणून तिलाही सोबत घेऊ.

पद्धत १: एक प्रांत, एक धर्म

‘युरोपा ४’ (२०१३) ची सुरुवात ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेला होते. इथे नियम सरळ आहे. एका प्रांताला एका वेळी एकच धर्म. मिशनरी पाठवला की दर महिन्याला टक्केवारी वाढत जाते. १०० टक्के झाले की प्रांताचा रंग बदलतो. ९९ टक्क्यांपर्यंत सगळे कॅथलिक, दुसऱ्या महिन्यात सगळे हिंदू!

राज्याच्या पातळीवर ‘धार्मिक एकता’ नावाचा आकडा असतो. तो घसरला की प्रांतांत असंतोष वाढतो. पण सगळ्यांना बदलणं हा एकच उपाय नाही. गेममध्ये सहिष्णुतेचे तीन वेगळे आकडे आहेत: स्वधर्मीयांसाठी, त्याच धर्मगटातल्या वेगळ्या पंथासाठी आणि पूर्ण परक्या धर्मासाठी. सहिष्णुता पुरेशी वाढवली तर परधर्मी प्रांतही शांत राहतो. ‘ह्युमॅनिस्ट’ धोरणं त्यासाठीच आहेत.

२०१४ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या विस्तारात हिंदू राजाला इष्टदेवता निवडायची सोय आली. गणपती, शिव, विष्णू, शक्ती, सूर्य वगैरे. प्रत्येकाचा फायदा वेगळा. कल्पना चांगली आहे, कारण इष्टदेवता ही आपल्याकडची खरी गोष्ट आहे. फक्त घरात कुलदैवत एक, गावदेवी दुसरी आणि वारी तिसऱ्याची हे गेमला जमत नाही. तिथे एका वेळी एकच देव.

आणखी एक गंमत. जैन हा ‘युरोपा ४’ मध्ये वेगळा धर्मच नाही. २०१८ च्या ‘धर्मा’ विस्तारात भारतीय राज्यांत ‘जैन’ हा ब्राह्मण, राजपूत, मराठे यांच्यासारखा एक सामाजिक वर्ग म्हणून येतो. ‘क्रुसेडर किंग्ज’मध्ये मात्र जैन हा पूर्ण धर्म आहे. घाटकोपर किंवा मुलुंडच्या देरासरात जाणारे तेच लोक एका गेममध्ये व्यापारी वर्ग, तर दुसऱ्या गेममध्ये धर्म. दोन्ही गेम एकाच कंपनीचे!

पद्धत २: धर्म म्हणजे नियमांचा संच

‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) माणसांभोवती फिरते. तुम्ही एका घराण्याचे प्रमुख असता. इथे प्रत्येक पात्राला स्वतःचा पंथ असतो आणि प्रत्येक परगण्याला वेगळा. म्हणजे राजा एका पंथाचा आणि रयत दुसऱ्या, हे शक्य आहे. इतिहासात हे सर्रास होतं, त्यामुळे ही सुधारणा मोठी.

पंथ कसा बनतो ते पाहा:

• तीन मूलतत्त्वं. उदाहरणार्थ अहिंसेकडे झुकणारं तत्त्व घेतलं तर युद्धावर मर्यादा येते.
• लग्न, वारसा, पुरोहित आणि गुन्हा यांबद्दलचे नियम.
• नकाशावरची पवित्र स्थळं. ती ताब्यात असली की फायदा मिळतो.
• इतर पंथांशी वैर किती, याच्या चार पायऱ्या.

वर ‘पुण्य’ हे चक्क चलन आहे. तीर्थयात्रा केली की जमा, काही निर्णय घेतले की खर्च. पुरेसं पुण्य साठलं तर स्वतःचा नवा पंथही काढता येतो.

इथे एक गोष्ट मला खटकते. पुण्य जमा होतं ते राजाच्या खात्यात. पण आपल्याकडचा मध्ययुगातला मोठा धार्मिक बदल बघा. वारकरी परंपरा कुठल्या राजाने बटण दाबून सुरू केली नाही. त्यात शिंपी नामदेव होते, माळी सावता होते, चोखामेळा होते. गेम मात्र सिंहासनावरून बघतो, म्हणून त्याला दिंडी दिसतच नाही, फक्त राजाची यात्रा दिसते.

पद्धत ३: डोकी मोजणं

तिसऱ्या पद्धतीत धर्म प्रांताला चिकटवत नाहीत, लोकांना चिकटवतात. ‘व्हिक्टोरिया ३’ (२०२२) मध्ये लोकसंख्या गटांत वाटलेली असते. प्रत्येक गटाची संस्कृती, धर्म आणि व्यवसाय वेगळा. एकाच ठिकाणी मराठी हिंदू शेतकरी आणि मराठी कॅथलिक मजूर शेजारी शेजारी राहू शकतात. राज्याचा एकच अधिकृत धर्म ठेवायचा, सर्वांना मोकळीक द्यायची की धर्म आणि सरकार पूर्ण वेगळं करायचं, हे तुम्ही कायद्याने ठरवता. २०२५ मध्ये आलेल्या ‘युरोपा ५’ नेही हीच लोकसंख्या-गटांची वाट धरली.

‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये शहरातले नागरिक वेगवेगळ्या धर्मांचे असू शकतात आणि बहुमताचा धर्म शहराचा मानला जातो. पण तिथे धर्म म्हणजे रिकामा डबा. नाव तुम्ही निवडा, आत काय भरायचं तेही तुम्हीच. मी एकदा ‘हिंदू’ नाव घेऊन त्यात ‘जेझुइट शिक्षण’ ही श्रद्धा टाकली आणि गावोगावी कॅथेड्रल बांधले. गेमने एका शब्दानेही हरकत घेतली नाही.

आता मंडपेश्वरची चाचणी

कुठलाही गेम तपासायला मी आमच्या घराजवळची एक जागा वापरतो: बोरिवली-दहिसरची मंडपेश्वर लेणी. इतिहास थोडक्यात असा:

• साधारण सहाव्या शतकात कोरलेली शैव लेणी. आत नटराजाचं शिल्प आहे.
• १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहने वसई आणि साष्टीचा भाग पोर्तुगीजांना दिला. पुढच्या दशकात फ्रान्सिस्कन पाद्री इथे आले. लेण्यात प्रार्थनास्थळ झालं, वर मठ बांधला गेला. ‘माउंट पोयसर’ हे नाव मंडपेश्वरचाच अपभ्रंश.
• १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली. वसईचं नेतृत्व चिमाजी आप्पांचं. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मुभा होती.
• १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली.
• आज लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. शिवाची पूजा होते, दगडात कोरलेला क्रूस दिसतो, वर मठाचे अवशेष आहेत आणि जवळच आयसी कॉलनीचं चर्च भरलेलं असतं.

हे सगळं ‘एक प्रांत, एक धर्म’ या रकान्यात टाकून बघा. १७३९ ला मालक बदलला, पण लोक तिथेच राहिले. त्यांचीच पुढची पिढी आजची ईस्ट इंडियन मंडळी. हे नावही त्यांनी नंतर, १८८७ च्या सुमारास घेतलं. बटण दाबून रंग बदलणारा नकाशा नेमकी हीच माणसं पुसून टाकतो. माझ्या मित्राला खटकलं ते हेच.

पण गेमला एक गुण द्यावा लागेल. ‘युरोपा ४’ मध्ये संस्कृती आणि धर्म हे दोन वेगळे रकाने आहेत. त्यामुळे ‘संस्कृती मराठी, धर्म कॅथलिक’ असा प्रांत बनू शकतो. मित्राला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “हां, हे बरोबर. मराठी म्हणजे एकच धर्म, असं तरी म्हणत नाही तुझा गेम.”

मंडपेश्वर एकटं नाही. अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी मुळात बौद्ध आहेत, नाव मात्र जवळच्या देवीच्या देवळावरून पडलं. राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीत शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत आणि तिथेच एका लेण्यात १००९ आणि १०२१ या सालांचे पहलवी लिपीतले लेख आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वी पारशी मंडळी बौद्ध लेणी बघायला आली आणि नावं कोरून गेली. पाहुणा एका धर्माचा, जागा दुसऱ्या धर्माची आणि भांडण नाही. यासाठी कुठल्या गेममध्ये बटण आहे?

मग गेमवाले असं का करतात?

आळस हे कारण नाही. तीन खरी कारणं आहेत:

१. कॉम्प्युटरवरचा ताण: हजारो प्रांत, त्यात प्रत्येकी अनेक गट आणि सगळ्यांचा हिशोब सतत. गट वाढले की गेम हळू होतो.

२. खेळाडूला कळायला हवं: एक रंग पटकन समजतो. बारा टक्के हे, नऊ टक्के ते, असा नकाशा वाचणं कठीण.

३. निर्णय हवा: गेममध्ये प्रत्येक गोष्टीचा फायदा-तोटा लागतो, म्हणून श्रद्धेचंही ‘कर ५ टक्के जास्त’ असं काहीतरी करावं लागतं.

शिवाय बहुतेक ढाचा युरोपच्या इतिहासावरून आला आहे. तिथे कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धं झाली, म्हणून ‘पाखंडी’ आणि ‘परधर्मी’ हे कप्पे आधी तयार झाले. आपल्याकडचा माल मग त्याच कप्प्यांत भरला गेला.

खेळताना हे पाच प्रश्न विचारा

१. धर्म कोणाला चिकटवला आहे: जमिनीला, राजाला की लोकांना?
२. दोन धर्म एका जागी राहू शकतात का?
३. धर्मांतर फक्त वरून होतं की लोक स्वतःहूनही बदलतात?
४. सहिष्णुता हा जिंकायचा खरा मार्ग आहे की नुसती शोभा?
५. संस्कृती आणि धर्म वेगळे ठेवले आहेत का?

स्वतः बदल करता येतो का?

येतो. पॅराडॉक्सच्या गेममध्ये प्रांतांची बरीच माहिती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते. ती नोटपॅडमध्ये उघडते. मालक, संस्कृती, धर्म अशा ओळी असतात आणि अमुक तारखेला काय बदललं तेही लिहिता येतं. मूळ फाइलला हात लावू नका. लाँचरमधून वेगळा मॉड बनवा आणि बदल त्यात ठेवा, नाहीतर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल.

फोनवर खेळता येईल का?

‘सिव्हिलायझेशन ६’ आयफोन आणि अँड्रॉइडवर आली आहे. मोठी जागा आणि बऱ्यापैकी रॅम लागते, स्वस्त फोनवर अडखळेल. वर सांगितलेले पॅराडॉक्सचे गेम मुख्यतः कॉम्प्युटरचे आहेत. सेलमध्ये किमती बऱ्याच उतरतात, घाई करू नका.

शेवटी

तो खेळ मी नंतर पूर्ण केला. किनाऱ्यावरचा तो प्रांत कॅथलिकच ठेवला आणि सहिष्णुता वाढवली. उत्पन्न थोडं कमी आलं, पण बंड एकही झालं नाही. पुढच्या रविवारी मित्रासोबत मंडपेश्वरला गेलो. तो क्रुसापाशी थांबला, मी नटराजापाशी. मधे अंतर होतं जेमतेम काही पावलांचं. बोरिवली स्टेशनवरून रिक्षाने सहज जाता येतं, एकदा बघून या.