आमच्या घरची ठासणीची बंदूक

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही तरी लिहून द्यावे, असे आपल्या अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी जरा घाबरलेच. पाककृती आणि भरतकाम यांवर लिहिणाऱ्या भगिनी मंडळात पुष्कळ आहेत, आणि मी तर सातवीपर्यंत शिकलेली. पण गेले वर्षभर आमच्या घरात एका बंदुकीवरून जो खल चालला, तो वाडीतल्या सर्वांच्या कानावर आहेच. त्या निमित्ताने शेजारच्या गुरुजींकडून मी चार पुस्तके आणून वाचली आणि बंदुकीच्या कायद्याचा इतिहास थोडासा समजून घेतला. तोच येथे लिहिते. चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.

आमचे गाव कणकवलीच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरतात, आणि माकडांना तर दिवसरात्र काही नसते. म्हणून आमच्याकडे पुष्कळ घरांत शेतीसंरक्षणाची बंदूक असते. आमची बंदूक आजेसासऱ्यांच्या वेळची, एकनळी, ठासणीची. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिच्यात काडतूस घालायचे नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. मागे घोड्याखाली लहानशी केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर पडतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. एक बार झाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. तोवर डुक्कर कुठल्या कुठे! मामंजी म्हणत, मारण्यापेक्षा आवाजासाठीच ही बरी.

मामंजी परवान्याच्या बाबतीत फार काटेकोर. नूतनीकरणाची तारीख कधी चुकली नाही. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. मग ते ती गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने घेऊन जात आणि पावती जपून ठेवीत. सासूबाई थट्टेने म्हणत, "इली निवडणूक, चलली ही म्हायेराक."

मागल्या भाद्रपदात मामंजी गेले. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत बंदुकीची आठवण कोणाला राहणार? ती माजघरात खुंटीवर होती तशीच राहिली. पुढे दसऱ्याला आमच्या मुलाने ती पूजेसाठी खाली काढली. पूजा झाली, हळदकुंकू वाहिले, आणि मग त्याने ती खांद्याला लावून मोबाइलवर आपले फोटो काढून घेतले. धाकटी पुतणी समोर उभी राहून हसत होती. मीही हसतच होते.

त्याच संध्याकाळी गुरुजी सोने द्यायला आले. त्यांच्याकडे पूर्वी अशीच बंदूक होती. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "रिकामी आहे ना?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. गुरुजींनी नळीचे तोंड आढ्याकडे करून गज हळूच आत सोडला. रिकाम्या नळीत तो पार तळाला जातो आणि तोंडाशी बरोबर येतो. येथे तो चांगला चार बोटे वर राहिला. "भरलेली आसा ही," सासूबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. मामंजींनी आजारी पडण्यापूर्वी डुकरांसाठी भरून ठेवली असावी. केप नव्हती, म्हणून आम्ही वाचलो. त्या रात्री मला झोप आली नाही. समोर हसत उभी असलेली ती पोर सारखी डोळ्यांपुढे येत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनीच ठाण्यावर कळवले आणि बंदूक तेथे जमा झाली. तेव्हा समजले की हे आम्ही आधीच करायला हवे होते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात असे आहे की, परवानेदार वारला की त्याच्या वारसांनी शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की घरातली बंदूक विनापरवान्याची होते. आम्ही महिनाभर नकळत गुन्हाच करीत होतो.

आता पुढे काय? वारसाच्या नावाने परवाना मिळू शकतो. बंदूक परवानाधारक विक्रेत्याला, किंवा ज्याला ती बाळगण्याचा हक्क आहे अशा माणसाला विकता येते. नको असल्यास सरकारजमा करता येते. मुंबईहून भाऊजींचा फोन आला. त्यांचे म्हणणे, काही झाले तरी बंदूक घरातच राहिली पाहिजे. "वहिनी, इंग्रजांनी आपल्या लोकांची हत्यारे काढून घेतली. त्यातून आजोबांनी परवाना मिळवला. आणि आपण आपल्या हाताने नेऊन द्यायची?" भाऊजी शिकलेले. मला उत्तर सुचले नाही. म्हणूनच मी पुस्तके उघडली.

भाऊजींचे म्हणणे खोटे नव्हते. १८५७ च्या उठावाची ठिणगी ज्या काडतुसांनी पडली, ती काडतुसेही ठासणीच्याच बंदुकीची होती, हे मला ठाऊक नव्हते. एन्फील्ड रायफलीचे ते कागदी काडतूस. दातांनी फाडून त्यातली दारू नळीत ओतायची असे. त्याला लावलेल्या चरबीवरून केवढे रण माजले, ते आपण शाळेत शिकलो आहोत. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी ठिकठिकाणी लोकांची शस्त्रे काढून घेतली. पुढे १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, साऱ्या ब्रिटिश मुलखासाठी शस्त्रांचा कायदा झाला. देशी वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही त्याच साली झाला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने बंदूक बाळगायची नाही, युरोपियनांना मात्र सूट, असा तो न्याय. लोकांना टोचली ती हीच गोष्ट. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला. अहिंसा सांगणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीची पत्रके काढली तेव्हा, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याला इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणले होते. हे वाचून मी चकितच झाले.

एक गंमतीची गोष्ट मध्येच सांगते. कर्नाटकातल्या कोडगू भागातील लोकांना इंग्रजांनी या परवान्यातून सूट दिली होती, आणि ती आजही चालू आहे. तेथे भाताची लावणी आटोपल्यावर कैलपोढ नावाचा सण येतो. त्या दिवशी घरातल्या बंदुका फुले वाहून पुजतात. आमच्या दसऱ्यासारखेच ते. त्यांना मात्र पूजेसाठी कोणाचा परवाना लागत नाही!

तर मग स्वराज्य आल्यावर काय झाले? १९३१ च्या कराची काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही, आणि ती फेटाळली गेली. म्हणजे हत्यार बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेने दिलेला नाही. आणि हे इंग्रजांनी ठरवले नाही. आपल्याच माणसांनी, स्वराज्यात बसून ठरवले. भाऊजींना मी फोनवर हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले.

१९५९ चा कायदा आपल्या लोकसभेने केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. जुन्या कायद्यातला गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, परवाना राहिला. पण त्यात एक कलम पाहून मला बरे वाटले. खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याची सोय त्यात मुद्दाम नाव घेऊन केली आहे. एवढ्या मोठ्या कायद्यात आमच्या माजघरातल्या खुंटीवरच्या वस्तूचे नाव! १९७२ चा वन्यजीव कायदा आणि पुढची १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार बंद झाली. तेव्हा डुक्कर मारायचे झाले तरी वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे परवाना बंदुकीचा, डुकराचा नव्हे.

आणि आमचा प्रश्न त्या कलमापाशीच येऊन अडला. वारसाने अर्ज करायचा तर इतर वारसांची संमती, डॉक्टरांचा दाखला, बंदूक सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण, हे सारे जमवता आले असते. पण कारण काय लिहायचे? शेतीसंरक्षण. मामंजींच्या वेळी अकरा कुणगे भात होते. आज आम्ही दोन करतो, बाकी पड आहेत. ह्यांचा दिवस दुकानात जातो आणि रात्री चष्म्याशिवाय ह्यांना अंगणातली तुळस दिसत नाही. मुलाला एकवीस पूर्ण होऊन परवान्याचे वय झाले आहे, पण त्याला शेतात जायचे नाही, फोटो काढायचे आहेत. खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी, असे लिहून सही करायची कोणी?

हे म्हणाले, "सगळेच लिहितात." मी म्हटले, "अहो, गज चार बोटे वर राहिला होता." त्यावर ते काही बोलले नाहीत.

विकण्याचेही पाहिले. पण गाडीभाडे निघेल एवढीही किंमत येईना. सासूबाईंची मात्र मला धास्ती होती. त्यांनी साठ वर्षे ती बंदूक डोळ्यांसमोर पाहिलेली. त्या उलट म्हणाल्या, "तेंची होती, तेंच्यावांगडा गेली. माका आता तिची राखण जमाची नाय."

शिमग्याला भाऊजी मुंबईहून आले. सासूबाई, हे, भाऊजी आणि वन्सं अशा सर्वांनी कागदावर सह्या केल्या की आम्हां वारसांना बंदूक नको, ती सरकारजमा व्हावी. भाऊजींनी सही केली खरी, पण सर्वांच्या शेवटी. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. जाताना त्यांनी मामंजींचे दारू ठेवायचे शिंग मागून घेतले. रिकामे होते. मी ते तीनदा धुऊन, उन्हात वाळवून त्यांच्या पिशवीत घातले.

यंदा श्रावणात डुकरांनी आमचा रताळ्यांचा अर्धा वाफा एका रात्रीत उकरला. सकाळी सासूबाई बांधावर उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. मला वाटले, आता बंदुकीचे नाव निघणार. त्यांनी परसात जाऊन तेलाचा रिकामा डबा आणला, ह्यांच्या हातात दिला आणि वाजवायला काठी कुठे ठेवली आहे ते सांगितले. तेव्हापासून रात्री दोनदा उठून आम्ही पाळीपाळीने डबा वाजवतो. शेजाऱ्यांची झोप मोडते त्याबद्दल क्षमस्व.