सातव्या महिन्याची वाट

पिंपरीच्या माळावर १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पाठोपाठ भोसरी-आकुर्डीत औद्योगिक वसाहती पसरल्या, आणि कालांतराने चाकणच्या कांद्याच्या बाजारपेठेभोवती मोटारींचे कारखाने उभे राहिले. परंतु मराठवाड्या-विदर्भातून आलेल्या मजुरांच्या भाड्याच्या खोल्यांत एक जुनी चाल अबाधित राहिली: सातवा महिना लागला, ओटी भरली, की पहिलटकरणीने माहेरी जावे.

भोसरीतच १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. उपचारावाचून बाधित मातांच्या शंभरांतील १५ ते ४५ बालकांना आईकडून एचआयव्हीचा संसर्ग होतो. कळा सुरू होताच आईला नेव्हिरापिनची एक गोळी व बाळाला ७२ तासांच्या आत औषधाचे थेंब दिल्यास तो झिडोव्हुडिन या औषधाच्या अल्पकालीन उपचारापेक्षा जवळजवळ निम्म्याने घटतो, असे १९९९ साली युगांडातील प्रयोगाने दाखविले, आणि पुढे आपल्याकडेही तोच उपाय स्वीकारला गेला. मात्र नाव पिंपरीच्या दप्तरात आणि कळा बीड जिल्ह्यातल्या माहेरी, अशी गत झाली म्हणजे ती गोळी द्यायची कोणी? या चालीला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. नाव घातले त्याच दवाखान्याच्या हद्दीत बाईने बाळंत व्हावे, हे गृहीत जणू कारखान्याच्या हजेरीपटावरून उचललेले आहे.

१ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म औषध देण्याचे धोरण अमलात आले, आणि एका रात्रीचा प्रश्न रोजच्या रात्रीचा झाला. म्हणून जाणती समुपदेशक प्रसूतीच्या तारखेआधी विचारते, "माहेर कुठलं गं तुझं?" तिकडच्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्राच्या नावे चिठ्ठी लिहिते, पुरतील एवढ्या गोळ्या हाती देते.

"आईला ठाऊक नाही, ताई," असे खालमानेने सांगत ती मुलगी डबीवरचे लेबल नखाने खरवडून काढते आणि डबी बाळाच्या टोपड्यांच्या घडीत सरकवते.

माहेरी रात्री सगळे निजल्यावर, उशाच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर, ती गोळी घ्यायची असते. सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेचे रक्त जाड कागदावर टिपून, वाळवून तपासणीस पाठवतात. अखेरचा निर्वाळा अठराव्या महिन्यानंतर. तोवर पिंपरीच्या नोंदवहीत तिच्या नावापुढचा रकाना कोराच असतो, आणि एखाद्या सोमवारी मूल कडेवर घेऊन ती खिडकीपाशी उभी राहिली, म्हणजे समुपदेशक आधी त्या मुलाला उचलून घेते आणि मग लेखणी.